चौदा नंबरच्या दगडाजवळचं फावडं

नाव तीनदा लिहून घेतलंत, चौथ्यांदा सांगणार नाही. मागच्या तीन कागदांवर आहे, त्यातला एक तरी शोधा. सोमवारी संध्याकाळी आले तर "साहेब बाहेर गेलेत". मंगळवारी सकाळी आले तर "ज्याला धरलाय त्याच्याच बायकोचा जबाब कशाला?" मंगळवारी दुपारी आले तर "उद्या या". आज बुधवार. सकाळी आठपासून या बाकावर बसले आहे आणि आता सव्वाअकरा झालेत. माझ्यामागून आलेला सायकलचोरीवाला जबाब देऊन घरी जेवायलाही गेला. सायकल परत मिळेल, नाही मिळाली तर तो पायी जाईल. माझं काम थांबणारं नाही, म्हणून आता सगळं एका दमात सांगते, आणि मी सांगेन तसंच लिहा.

वय सत्तेचाळीस. शिक्षण तिसरी. सही येते, अंगठ्याची शाई पुढे करू नका. धंदा, समुद्र अडवणाऱ्या मातीच्या बांधावरचं गवत राखणं, एकवीस वर्षं. राहणार बांधाच्या पायथ्याशी, पंपघराच्या शेजारची खोली. ती खोली सोमवारी दुपारी गेली. सध्या मुक्काम शाळेच्या एका वर्गात, खिडकीकडच्या रांगेत. पत्ता म्हणून तेच लिहा.

मी समक्ष हजर राहून सांगते की, सोमवारी संध्याकाळपासून तुमच्या कोठडीत असलेला बांधाचा राखणदार हा माझा नवरा आहे. लिहिणाऱ्या बाईंनी "सदर इसम" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आहे. बांध-कार्यालयाच्या साहेबांनी, आम्ही त्यांना बांधसाहेब म्हणतो, असं लिहून दिलंय की बांध सुस्थितीत होता आणि राखणदारानं आतल्या उतारावर फावड्यानं खोदल्यामुळे तो फुटला. यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. दुसरं अर्धं खरं आहे. खोदलं हे खरं, पण राखणदारानं नाही. नवऱ्यानंही "होय, मीच खोदलं" म्हणून सही केलीय. तोही खोटं बोललाय. फावडं माझं होतं, हात माझे होते आणि डोकंही माझंच होतं. चोवीस वर्षांच्या संसारात त्यानं पहिल्यांदा माझ्याआधी तोंड उघडलं, आणि उघडलं तेही खोटं बोलायला.

बांधाचं थोडं सांगावं लागेल. कालच्या हवालदारांनी मला विचारलं, "समुद्राकडून बांध फुटला, मग तुम्ही आतल्या बाजूला काय करत होता?" समुद्राकडून फुटत नाही. समुद्राच्या बाजूला दगड लावलेत. लाट येते, डोकं आपटते, परत जाते. पण उधाण आलं, त्यात वाऱ्यानं पाणी ढकललं, की लाटेचा शेंडा माथ्यावरून उडी मारतो आणि आतल्या उतारावरून धावत खाली येतो. आत दगड नाहीत, माती आहे. त्या मातीला धरून ठेवते ती हरळी. हरळीची मुळं एकमेकांत अशी गुंतलेली असतात की पाणी वरून घसरून जातं. पण तळहाताएवढी जरी उघडी जागा सापडली, तरी पाणी तिथं नख लावतं. आधी खळगा पडतो. मग खळग्याची वरची कड ढासळते, मग तिच्या वरची. खड्डा उतार चढत चढत माथ्याला पोचतो, आणि माथा गेला की समुद्र घरात. माझी सासू याच कामावर होती. ती म्हणायची, समुद्र पुढून मारतो पण बांध मागून मरतो.

म्हणून उधाणात आमच्यातला एकजण माथ्यावर चालतो आणि एकजण पायथ्याला. माथ्यावरचा समुद्र बघतो. पायथ्यावरचा समुद्राकडे बघतच नाही, तो गवत बघतो. नवरा माथ्यावर, मी पायथ्याला, अशी आमची वाटणी आहे. सासू गेल्यापासून ती बदललेली नाही.

बांधावर शंभर-शंभर पावलांवर आकडे घातलेले दगड आहेत. चार महिन्यांपूर्वी, फिरायला येणाऱ्या लोकांसाठी बांधावर दिव्याचे खांब लावायचं ठरलं. त्यासाठी बारा नंबरच्या दगडापासून तेरा नंबरच्या दगडापर्यंत आतल्या उतारावर कंबरभर खोल चर खणला, केबल टाकली आणि चर वाळूनं बुजवला. चिकणमातीनं नाही, वाळूनं. वर हरळी लावायची सोडून फुलझाडं लावली आणि प्रत्येक झाडापुढे नावाची पाटी. झाडं महिन्याभरात मेली. पाट्या टिकल्या.

मी बांध-कार्यालयात तीन वेळा गेले. पहिल्या खेपेला बांधसाहेब टेबलाशीच भेटले. मी म्हटलं, "साहेब, चराच्या जागी गवताची काडी नाही."

ते म्हणाले, "येईल की. गवताला काय कोणी आमंत्रण धाडतं?"

"वाळूत येत नाही, साहेब."

"बाई, तुम्ही गवत कापा. बांधाचं आम्ही बघतो."

"बघता कधी? तुम्ही गाडीतून जाता, गाडी माथ्यावरून जाते, चर खाली आहे."

यावर त्यांच्या टेबलाशी बसलेले दोघं हसले. साहेब हसले नाहीत. त्या दिवसानंतर ते मला कार्यालयात भेटले नाहीत. तिथल्या तक्रारवहीत माझ्या अक्षरात तीन ठिकाणी लिहिलं आहे, "तेरा नंबर उघडा आहे". तिन्ही ठिकाणी खाली कोणीतरी "पाहिले" असं लिहून सही केलीय. काय पाहिलं ते लिहिलेलं नाही. ती वही ताब्यात घ्या. पाण्यात गेली म्हणतील. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे.

आता लादीचं. मुळांसकट आणि चार बोटं मातीसकट कापलेला हरळीचा तुकडा, एक हात लांब, एक वीत रुंद, त्याला आम्ही लादी म्हणतो. बांधाला भोक पडलं की त्यात माती दाबायची, वर लाद्या बसवायच्या आणि प्रत्येकीला चार कोपऱ्यांत खुंट्या मारायच्या. या लाद्यांसाठी पंपघरामागे वेगळी वाडी राखलेली होती. तिथली हरळी मी लहान लेकरासारखी वाढवली होती. खांबाच्या कामाचं लोखंड, ड्रम, वाळूचे ढीग चार महिने त्या वाडीवरच पडून होते. खालची हरळी पिवळी पडून कुजली.

वाडी असते ती अशासाठी की बांधाची कातडी काढून बांधाला लावायची नाही. हा नियम सासूनं मला पहिल्या दिवशी सांगितला. सोमवारी मी तो मोडला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता गाडीवरून भोंगा फिरला की वादळ जवळून जाणार आहे आणि दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांच्या भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर चढेल. पायथ्याच्या गल्लीतली माणसं शाळेत हलवायला सुरुवात झाली. दहा वाजता आम्ही दोघं बांधावर गेलो. राखणदाराला कार्यालयातून एक पिवळा रेनकोट मिळालेला आहे, गुडघ्यापर्यंत लांब, डोक्यावर टोपी. असा रेनकोट आख्ख्या बांधावर एकच. नवऱ्यानं तो काढून माझ्या अंगावर टाकला.

मी म्हटलं, "अहो, वर वारा जास्त आहे, तुम्हीच घाला."

तो म्हणाला, "मला नुसतं भिजायचंय. तुला काम करायचंय."

यापलीकडे आमचं काही बोलणं झालं नाही. मला का विचारता आहात ते कळतं. भांडण नव्हतं, दारू नव्हती, कट नव्हता. रेनकोट होता.

साडेअकराला बांधसाहेब वीस-बावीस मजूर आणि वाळूची पोती घेऊन माथ्यावर आले. अकरा नंबरच्या दगडापासून पुढे, समुद्राकडच्या कडेला, पोत्यांची रांग रचायला लागले. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. सव्वाबाराला पहिली लाट माथ्यावरून आत पडली. मी पायथ्याला होते. बारा नंबरच्या दगडापर्यंत गवत चांगलं होतं. बारा ते तेरा, चराच्या रेषेत, पाणी वरून जात नव्हतं, आत मुरत होतं. बारा-चाळीसला तेरा नंबरच्या अलीकडे दोन पाट्या आडव्या झाल्या. जवळ जाऊन बघितलं तर वाळू उकळल्यासारखी बाहेर येत होती आणि टोपलीएवढा खड्डा पडला होता. मी बघत असतानाच त्याची वरची कड सुटली.

मी शिट्टी मारली. नवरा घसरत खाली आला. खड्ड्यात हात घालून बघितला. कोपरापर्यंत गेला.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"अर्धा तास. जास्त धरू नका."

"काय पाहिजे?"

"पन्नास पोती आणि ताडपत्री. आणि दहा माणसं, जी तोंडानं कमी आणि हातानं जास्त चालतील."

तो वर गेला. मी त्याच्यामागे निम्म्या उतारापर्यंत चढले, म्हणून पुढचं स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानं सांगितलं. बांधसाहेब म्हणाले, "एकही पोतं खाली जाणार नाही. समुद्र वर आहे, खाली नाही."

नवरा म्हणाला, "साहेब, भोक खाली आहे."

"तू राखणदार आहेस ना? मग राखत बस. मला अक्कल शिकवू नको."

नवरा कडेला आला आणि मला दोन्ही हात पसरून दाखवले. म्हणजे काही मिळणार नाही. मग तो परत पोती उचलायला गेला, कारण तिथंही माणसं कमीच होती. मजुरांतल्या कोणालाही विचारा, तेव्हापासून बांध फुटेपर्यंत तो माथ्यावरून हललेला नाही. खाली नव्हता, तर खोदणार कुठून?

मी पंपघरामागच्या वाडीत गेले. गुडघाभर पाणी, त्यात ड्रम तरंगत होते. तिथं लाद्या मिळणार नव्हत्या. शेजारच्या पटांगणावर आता गाड्या लागतात, तिथं सिमेंट आहे. बारा-पन्नास झाले होते. पंपघराच्या उघड्या दारातून आतलं घड्याळ दिसतं, म्हणून वेळा सांगता येतात.

चौदा नंबरच्या दगडापाशी बांधाचा माथा इतर ठिकाणांपेक्षा हातभर उंच आहे. तिथं तोवर एकही लाट आत आली नव्हती. उतारावरची हरळी जाड होती. मी मनाशी हिशोब केला, सगळ्यात खालच्या पट्ट्यातून कापायच्या, पाणी तिथं येणारच नाही. नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असता. त्याच्याच आईचा नियम.

मी बावीस लाद्या कापल्या. ही संख्या मोजून सांगते, अंदाजानं नाही.

पंपवाला दारात आला. गेली अकरा वर्षं तो त्या पंपावर होता. गल्लीत साचलेलं पावसाचं पाणी उपसून बांधापलीकडे टाकणं हे त्याचं काम. मला बघून म्हणाला, "काय वहिनी, इतकी वर्षं गवत राखलंत आणि आज बांधालाच हजामत?"

मी म्हटलं, "भावजी, जीभ आत घ्या आणि ढकलगाडी बाहेर काढा."

त्यानं काढली. दोन खेपा केल्या, चौदापासून तेरापर्यंत शंभर पावलं, चिखलातून. दोन्ही खेपांना गाडी त्यानंच ढकलली. त्याची बायको त्याला न्यायला गल्लीच्या तोंडाशी आली होती. तिनं लांबून हाक मारली. तो मला म्हणाला, "सांगा तिला, वहिनी सोडतील तेव्हा येतो." आणि हसला. मी हात हलवून तिला जा म्हटलं. पाऊस तिरका होता. तिला माझं तोंड दिसलं नसणार, रेनकोट दिसला. ती शाळेकडे गेली. दुसरी खेप झाल्यावर पंपवाला परत पंपावर गेला.

पंपवालीनं तुमच्याकडे साक्ष दिली की पिवळ्या रेनकोटातला माणूस फावड्यानं बांध खोदत होता. तिनं खरं सांगितलं. तिला खोटं पाडायला मी इथं आलेली नाही, आणि कोणी पाडायला गेलं तर मी त्याच्या आड येईन.

एक वाजून वीस मिनिटांपर्यंत मी तेरा नंबरचा खड्डा मातीनं भरला, वर लाद्या विटांसारख्या सांधा चुकवून बसवल्या, खुंट्या मारल्या. वरून तीन लाटा आल्या. पाणी लाद्यांवरून घसरून गेलं. तेरा नंबर धरला. तो आजही धरून आहे.

पायथ्यावरून माथ्याची आतली कड दिसते, माथा दिसत नाही. त्यामुळे मला माहीत नव्हतं की पोती संपली होती आणि रांग चौदा नंबरच्या दहा पावलं अलीकडेच थांबवली होती. ज्या लाटा पोत्यांवरून आत आल्या, त्यांचं पाणी पोत्यांमागच्या गाडीवाटेच्या चाकोरीतून चाललं होतं. ओहोळासारखं. रांग संपली तिथं चौदाच्या उंचवट्याला ते अडलं, उघड्या फटीतून आलेलं समुद्राचं पाणी त्याला मिळालं आणि ते सगळं एका जागी आत पडलं. चौदा नंबरला. मी कापलेल्या जागेवर.

एक-पस्तीसला मला पाण्याचा आवाज वेगळा आला. लाट पडते तेव्हा आवाज येतो आणि थांबतो. हा थांबत नव्हता. मी धावले. पोचेपर्यंत बावीस लाद्यांची जागा कंबरेएवढी खोल झाली होती आणि कड वर चढत होती. मी शिट्टी मारली. माथ्यावरचा एकही माणूस खाली बघत नव्हता, नवरा सोडून. त्यानं मजुरांना बारा नंबरकडे पळवलं. ते सगळे जिवंत आहेत. बांधसाहेबही आहेत.

मी पंपघराकडे तोंड करून ओरडले, "भावजी, बाहेर या!"

त्यानं आतून सांगितलं, "पंप बंद केला तर गल्ली भरेल, वहिनी. शाळेत पोचले का सगळे?"

मी म्हटलं, "मला काय माहीत! बाहेर या!"

तो म्हणाला, "मेन स्विच पाडतो आणि आलोच."

त्यानंतर माथा गेला. मी तेराच्या बाजूला होते, म्हणून राहिले. पंपघर चौदाच्या समोर होतं. पंपवाला मंगळवारी सकाळी सापडला. कुठे आणि कसा ते पंचनाम्यात आहे, मी सांगत नाही.

प्रश्न विचारल्यावरून सांगते की, राखणदारानं स्वतःचं घर वाचवायला बांध फोडला असं कोणी म्हणत असेल, तर त्याला एकदा बांध दाखवून आणा. आमची खोली बांधाच्या आतल्या अंगाला होती, पंपघराला चिकटून. समुद्र घरात घेऊन घर वाचतं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी तिसरीपर्यंतच गेले.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, मी लाद्या कापल्या नसत्या तर बांध फुटला नसता का? फुटला असता. तेराला फुटला असता, एक-दहाच्या सुमारास. तेव्हा गल्लीतल्या शेवटच्या घरांतली माणसं अजून निघायची होती. त्यात एक बाळंतीण होती. हे मी नंतर शाळेत ऐकलं, कापताना मला माहीत नव्हतं, म्हणून ते माझ्या बाजूनं धरू नका. आणि तेराला फुटला असता तर पंपघर राहिलं असतं. हे मला कोणी सांगायची गरज नाही.

बांधसाहेबांनी चर उघडा ठेवला, वाडीवर लोखंड टाकलं, पोतं दिलं नाही, पोत्यांची रांग मधेच सोडली. हे चार त्यांचे. बावीस लाद्या माझ्या. ज्याचं त्याच्या नावावर लिहा. नवऱ्याच्या नावावर यातलं काहीही येत नाही.

पंपवाली आणि मी शाळेत एकाच वर्गात आहोत, मधे चार बाक आहेत. काल दुपारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, रेनकोट कोणाच्या अंगावर होता?"

मी म्हटलं, "माझ्या."

"आमच्या ह्यांना माझ्याबरोबर परत पाठवायचं नाही का मग?"

मी म्हटलं, "पाठवायचं होतं."

तिनं हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि आपल्या जागी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिला पुन्हा साक्षीला बोलावू नका. बोलवायचंच असेल तर शाळेत जा आणि जमिनीवर बसून विचारा.

काल सकाळी मला नवऱ्याला दोन मिनिटं भेटू दिलं. त्या दोन मिनिटांत पुढीलप्रमाणे बोलणं झालं. पहाऱ्यावरच्या शिपायानं ऐकलं आहे.

मी म्हटलं, "अहो, काय लिहून दिलंत हे?"

तो म्हणाला, "झालं ते."

"झालं ते मला माहीत आहे. मी तिथं होते. तुम्ही नव्हता."

"मग हळू बोल."

"मी कधी हळू बोलले का?"

तो म्हणाला, "शुक्रवारी पुन्हा उधाण आहे. पायथा तुला कळतो, मला कळत नाही. मी आत बसलो तर चालेल. तू बसलीस तर गल्ली जाईल." मग शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं. नवऱ्याचा डावा कान वाऱ्यानं दुखतो, त्याला टोपी नेऊन दिली होती, ती दारावरच ठेवून घेतलीत. ती द्या.

खोदणारी मी होते याचा पुरावा पाहिजे म्हणता, तर तो तेरा नंबरला बसलेला आहे. मी डावखुरी आहे. उजव्या हाताच्या माणसानं लादी कापली तर कड एका अंगाला तिरकी उतरते, माझी उलट्या अंगाला उतरते. बांधावर काम केलेल्या कोणालाही दाखवा, न बघता बोटानं चाचपून सांगेल. नवऱ्याच्या हातात फावडं द्या आणि तुमच्या अंगणात एक लादी कापायला लावा. नंतर मला द्या. आमचे दोघांचे तळहातही बघा. त्याच्या हाताला पोत्यांनी खरचटलंय. माझ्या डाव्या अंगठ्याखाली दोन फोड आहेत, अजून फुटलेले नाहीत. हे आज बघाल तर दिसतील, आठवड्यानं बघाल तर दिसणार नाहीत.

फुटलेल्या जागी कालपासून डंपरनं माती आणि वाळू टाकत आहेत. नवी भर, अंगावर हरळीचं एक मूळ नाही. बांधसाहेब म्हणतात, माथा जुळला की बांध झाला. आज सकाळी इथं यायच्या आधी मी तिथं जाऊन आले. भर तेरा नंबरकडे सरकतेय आणि माझ्या लाद्या तिच्याखाली जातील. त्या गाडल्या तर पुरावा जाईल. त्याहून वाईट म्हणजे त्या गाडल्या तर तेरा पुन्हा उघडा पडेल.

आज अमावास्या. अमावास्येनंतर दोन दिवसांनी येणारी भरती सगळ्यात मोठी, ती शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला आहे, आणि वारा पुन्हा समुद्राकडून सुटणार असा फलक बंदरावर लागलाय. नव्या भरीवर ताडपत्र्या अंथरून बांबूनं दाबायच्या आहेत. पोत्यांची रांग मधे न सोडता उंच जागेपर्यंत न्यायची आहे. दहा माणसं पायथ्याला उभी करायची आहेत, तोंड गवताकडे करून. ती माणसं मी गल्लीतून जमवली आहेत, सात बाया आणि तीन गडी. त्यांना काय बघायचं ते मी सांगेन. पण पायथ्यावरून माथा दिसत नाही हे सोमवारी मी शिकले. वर असा माणूस पाहिजे जो खाली बघतो. सोमवारी असा एकच होता, आणि तो तुम्ही कोठडीत बसवलाय.

हा जबाब लिहिणाऱ्या बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी माझं बोलणं मऊ केलं होतं, ते होतं तसं करून घेतलं. आता तो मी बोलले तसाच आहे, आणि मी बोलले ते खरं आहे. कोणी धमकावलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही. नवऱ्यानं तर बोलू नको म्हणूनच सांगितलं होतं. खाली माझी सही आहे.

सहीनंतर एवढं आणखी लिहून घ्या. मला धरायचं असेल तर धरा, मी पळणारी नाही. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी माझ्या पायांनी या दारात येते. पण शुक्रवारी मी बांधावर असणार, आणि माथ्यावर मला माझा नवरा पाहिजे. त्याला सोडता की नाही, तेरा नंबरच्या लाद्या बघायला माणूस पाठवता की नाही, आणि भर तिथं थांबवता की नाही, या तिन्हींचं उत्तर मला उद्या, गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या आत पाहिजे. तोंडी चालणार नाही. कागदावर, शिक्क्यासकट, आणि खाली नुसतं "पाहिले" लिहून पाठवू नका.